विचारून जायची वाट

डॉ. उपळेकर मला पहिल्या भेटीतच आवडले नव्हते, असं आज छातीठोकपणे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या संध्याकाळी मी त्यांच्या व्हरांड्यात बसून त्यांचा चहा प्यायले, त्यांच्या विनोदांना हसले आणि शेवटी टाळ्याही वाजवल्या. बाकीच्यांची लायकी पुढे काढणारच आहे. सुरुवात स्वतःपासून केलेली बरी.

मी राजेश्वरी. वडगाव मावळला वकिली करते, बावीस वर्षं झाली. तहसील कचेरीसमोर झेरॉक्सच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. बांध कोरला, वाट अडवली, भावाने भावाचं नाव उडवलं, असली कामं माझ्याकडे येतात. लोणावळ्याच्या आसपास बंगले बांधणाऱ्यांचे मी दोन प्रकार पाडले आहेत. पहिला शुक्रवारी येतो, स्पीकर लावतो, बाटल्या फोडतो आणि रविवारी जातो. दुसरा कायमचा राहायला येतो आणि आम्हाला आमचे डोंगर समजावून सांगतो. पहिला परवडला, निदान सोमवारी तरी तो नसतो.

उपळेकर दुसऱ्या प्रकारातले. तीस वर्षं युरोपात कुठल्याशा विद्यापीठात त्यांनी रोमन कायदा शिकवला. त्या देशाचं नाव ते घेत नसत, नुसतं 'तिकडे' म्हणत. निवृत्त झाल्यावर आठ वर्षांपूर्वी त्यांनी कुरवंड्याला बंगला बांधला आणि त्याला नाव दिलं 'ओटियम'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ म्हणे फुरसत. विद्वानाची, उच्च प्रतीची फुरसत. गावात दिवसभर पारावर बसणाऱ्याला आम्ही रिकामटेकडा म्हणतो. त्याचं लॅटिन करून फाटकावर पितळी अक्षरांत लावता येतं, हे मला नवीन होतं.

महिन्यातून एका शनिवारी ते 'शब्दसंध्या' भरवत. कायद्यातला एक शब्द घ्यायचा आणि तो युरोपभर कसा फिरला ते सांगायचं. ऐकायला आजूबाजूचे दहा-बारा बंगलेवाले असत. गेल्या जानेवारीत मलाही निमंत्रण आलं, बहुधा स्थानिक नमुना म्हणून. मी गेले, इस्त्रीची साडी नेसून गेले.

त्या दिवशीचा शब्द होता 'प्रिकेरियम'.

"रोममध्ये एखादा गरीब माणूस जमीनदाराकडे जायचा," उपळेकर म्हणाले, "आणि विनवायचा, तुमच्या जमिनीचा एवढा तुकडा मला वापरू द्या. जमीनदार म्हणायचा, वापर. करार नाही, खंड नाही, मुदत नाही. ज्या दिवशी मालकाच्या मनात येईल त्या दिवशी ऊठ म्हटलं की उठायचं. विनवणीला लॅटिनमध्ये 'प्रेक्स' म्हणतात. विनवणीवर मिळालं ते प्रिकेरियम."

मग तो शब्द त्यांनी हाताला धरून देशोदेशी फिरवला. चर्चच्या जमिनींवर नेला. फ्रेंचमध्ये नेला, इटालियनमध्ये नेला. इटलीत आज ज्याची नोकरी कधीही जाऊ शकते त्या कंत्राटी कामगाराला 'प्रेकारियो' म्हणतात. इंग्रजीत 'प्रिकेरियस' म्हणजे आधी 'दुसऱ्याच्या मर्जीवर असलेलं', आणि मग नुसतंच 'डळमळीत'. "बघा," ते म्हणाले, "वाटेत विनवणी गळून पडली आणि डळमळणं तेवढं उरलं."

हे मला खरंच आवडलं, खोटं कशाला बोलू?

"गंमत म्हणजे मध्ययुगात उलटंही झालं," ते पुढे म्हणाले. "सरदार आपल्या कुळांना विनंती करायचा, कापणीला आमच्या शेतावर या. त्या विनंतीलाही हाच शब्द. जर्मनीत तर अशा विनंतीची पुढे पट्टीच झाली, दरवर्षी भरायची." सगळे हसले. गरिबाने विनंती केली तर त्याला केव्हाही हाकलता येतं आणि सरदाराने विनंती केली तर नाही म्हणता येत नाही, ही गंमत कोणाच्या बापाची, असं कोणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं.

तेवढ्यात खालच्या अंगाने डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन एक म्हातारा वर आला. बंगल्याच्या कडेने फरशी घातलेला एक पट्टा फाटकापर्यंत जात होता. त्या पट्ट्याच्या अलीकडे तो थांबला. भाऱ्याखालून त्याचं तोंडही दिसत नव्हतं.

"जाऊ का, साहेब?"

"जा, जा, कोंडाजी." उपळेकरांनी कप उंचावला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "लेडीज अँड जेंटलमेन, हा माझा स्वतःचा प्रिकेरियम!"

काय हशा पिकला! त्यात माझाही आवाज होता. कोंडाजी पलीकडे गेला, आणि जाता जाता आमच्याकडे बघून तोही हसला. पाहुणे हसतायत तर आपणही हसावं, एवढंच त्याच्या मनात असणार.

मग उपळेकरांनी कातडी बांधणीची एक वही फिरवली. दर दिवाळीला कोंडाजी नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन त्यांच्याकडे येई. हे त्याला पेढ्यांचा पुडा देत आणि वहीत सही घेत. वर इंग्रजीत सुवाच्य लिहिलेलं: 'मी ही वाट डॉ. उपळेकर यांच्या परवानगीने वापरतो. तिच्यावर माझा कोणताही हक्क नाही.' खाली आठ वर्षांच्या आठ सह्या. चौथी शिकलेल्या माणसाची, रेघ सोडून वर चढणारी अक्षरं.

"हाऊ स्वीट," एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी बावीस वर्षं जमिनीच्या भांडणांत काढलेली बाई. ही वही एक दिवस बाहेर निघणार, हे मला त्याच क्षणी कळलं. कळलं, आणि मी केकचा दुसरा तुकडा घेतला.

होळी झाली आणि फाटकाला कुलूप लागलं. त्या फरशीच्या पट्ट्यावर उपळेकरांना काचेची अभ्यासिका बांधायची होती. शब्दांचा अभ्यास करायला जागा अपुरी पडत होती म्हणे.

चार दिवसांनी कोंडाजी माझ्या ऑफिसात आला. आमच्या वडिलांच्या वयाचा माणूस. मी त्याला आबा म्हणू लागले आणि इथूनपुढे तसंच म्हणणार.

"वकीलबाई, फाटकाला कुलूप घातलंया. आता आमी कुटनं जायाचं?"

आबांची भाताची खाचरं बंगल्याच्या खालच्या अंगाला. गावातून तिथे जायची बैल जाईल अशी एकच वाट, ती ह्या फाटकातून. दुसरी पायवाट दरीच्या कडेकडेने दीड तासाची; तिच्यावरून शेळीसुद्धा विचार करून चालते. आणि दिवस राबाचे. भाताचं रोप टाकायच्या आधी शेण, पाला आणि कवळं, म्हणजे झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या, पसरून वाफा भाजतात, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. त्यासाठी बैलाच्या पाठीवर गोण्या लादून शेण खाली न्यावं लागतं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. घरी आबा आणि त्यांची बायको नंदाबाई, दोघंच. वर्षाचं खाणं त्या खाचरातून येतं.

कायदा असा आहे, की दुसऱ्याच्या जमिनीतून तुम्ही वीस वर्षं उघडपणे, हक्काने ये-जा केलीत, तर ती वाट तुमची. पण तीच ये-जा मालकाच्या मेहेरबानीने केली असेल, तर पन्नास वर्षांनंतरही तुमच्या हातात शून्य. आबांच्या सह्या ह्या मेहेरबानीच्या सह्या होत्या.

"त्या वहीत सही का केलीत, आबा?"

"पेढ्याचा पुडा दिला हुता त्येंनी. पुडा पोचल्याची सही आसंल म्हनलं."

"आठ वेळा?"

"आठ पुडं दिलं की."

हात दाखवून अवलक्षण ते हेच. मी चिडले. "आणि रोज 'जाऊ का, जाऊ का' कशाला विचारत होता? तुमच्या बापजाद्यांची वाट ना ती?"

"व्हय. माजा बाप बी हितनंच जायाचा."

"मग विचारायचं काय कारण?"

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना धोतर कशाला नेसता म्हणून विचारलं होतं. "मंग काय, मुक्यानं जायाचं?"

अशा साध्या माणसांचा मला राग येतो. कीव येत नाही, रागच येतो. ह्यांच्या साधेपणावर सगळ्या जगाच्या काचेच्या अभ्यासिका उभ्या राहतात. मी मान खाली घालून अर्ज लिहायला घेतला. आबा उठले, टोपी नीट केली आणि दाराशी थांबले.

"येऊ का, वकीलबाई?"

मी वर न बघता मान हलवली. अजून पानभर मजकूर बाकी होता.

अर्ज तहसीलदारांपुढे गेला. उपळेकरांनी वकील दिला नाही. वडगावचा वकील लावणं त्यांना कमीपणाचं वाटलं असावं. ते स्वतः उभे राहिले. आठ सह्यांची वही ठेवली आणि सोबत बावीस पानांचं टिपण, 'प्रिकेरियम: रोमपासून आजपर्यंत'. जबरदस्तीने नाही, चोरून नाही, याचना करून नाही, अशी वहिवाट असेल तरच हक्क मिळतो, हे त्यांनी आधी लॅटिनमध्ये म्हटलं, मग इंग्रजीत आणि शेवटी आमच्यावर उपकार म्हणून मराठीत.

तहसीलदार शांत माणूस होता. टेबलावर फायलींचा ढीग, वर पंखा. त्याने टिपणाची चार पानं उलटली. "हे रोम कुठल्या मंडलात येतं?" त्याने विचारलं. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. मी खोकल्यावर भागवलं.

मीही तयारी केली होती. रात्ररात्र वाचलं होतं, कारण त्या माणसाला त्याच्याच अंगणात आडवं करायची मला खुमखुमी होती. मी म्हटलं, "साहेब, ज्या मुळातून लॅटिनचा 'प्रेक्स' आला, त्याच मुळातून जर्मनचा 'फ्रागेन' आला, म्हणजे नुसतं विचारणं. त्याच मुळातून संस्कृतची 'पृच्छा' आली आणि आपलं 'पुसणं' आलं. एकाच घरातली ही भावंडं. रोमन माणसाच्या तोंडी त्याची भीक झाली असेल, जर्मन आणि आपण अजून नुसतंच विचारतो. आमच्या अशिलाने वाट पुसली, भीक मागितली नाही."

आता उपळेकर संतापतील म्हणून मी बघत होते. तर त्यांचा चेहरा उजळला! "ब्राव्हो!" ते म्हणाले. "अगदी बरोबर! फक्त 'फ्राऽगेन'. 'आ' थोडा लांबवा."

तेव्हा मला खरी किळस आली. हा माणूस भांडतच नव्हता. त्याची करमणूक चालली होती. एप्रिल संपत आला होता, आबांचं शेण उकिरड्यावर वाळत होतं, आणि ह्याला माझा 'आ' आखूड वाटत होता. आणि मी? शाबासकी मिळाल्यावर क्षणभर मला बरं वाटलं होतं. ते आठवलं की अजून अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

तहसीलदाराने दोघांकडे पाहिलं. "दोन्हीकडचे शब्द झाले. आता मी जागा बघतो. शुक्रवारी स्थळपाहणी."

गुरुवारी मी आबांना फोनवर बजावलं. "उद्या फाटकाशी काही विचारायचं नाही. तोंड बंद ठेवायचं. कळलं?"

"बरं," आबा म्हणाले.

शुक्रवारी सकाळी कुलूप काढून फाटक उघडलं. तहसीलदार, तलाठी, उपळेकर आणि मी. आबा पुढे. वाट दाखवायची होती ना. पितळी अक्षरांखाली आले, आणि थांबले. मी मागून त्यांच्या कोपराला बोट टोचलं. काही उपयोग झाला नाही.

"जाऊ का, साहेब?"

उपळेकरांना आकाश ठेंगणं झालं. "तहसीलदारसाहेब, कृपया नोंद घ्यावी. आपल्या समक्ष." तलाठ्याने लिहून घेतलं. मला वाटलं, घरी जावं. अशा माणसाला ब्रह्मदेवही जिंकून देऊ शकणार नाही.

फरशी संपली आणि खाली जुन्या दगडी पायऱ्या लागल्या. मधोमध झिजलेल्या, इतक्या की एकेकीत ओंजळभर पाणी राहील. तलाठ्याने त्यांचे फोटो घेतले. पायऱ्या उतरल्यावर आबांच्या शेजारणीचं, जैनबभाभीचं शेत. आबांची खाचरं त्याच्यापलीकडे, म्हणजे वाट तिच्याही बांधावरून जाते. ती खळ्यावर मिरच्या वाळत घालत होती.

"जाऊ का, भाभी?" आबांनी हाक दिली.

"जावा की, आबा," ती म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही.

तहसीलदार थांबला. "बाई, हे रोज विचारतात?"

"व्हय. माज्या सासऱ्याच्या टायमापासनं. चाळीस वरसं झाली आसतील. आमी बी त्येंच्या बांधावनं जाताना इचारतो."

"आणि एखाद्या दिवशी तुम्ही नाही म्हणालात तर?"

जैनबभाभी उभी राहिली. साहेबाने काहीतरी अचकटविचकट बोलावं तशी तिने त्याच्याकडे नजर टाकली. "न्हाई कशाला म्हनू? वाट हाय ती."

पुढे आबांचं पहिलं खाचर आलं. बांधाशी त्यांनी वहाणा काढल्या, वाकले, बोटांनी मातीला हात लावून कपाळाला लावला आणि रिकाम्या शेताकडे बघून म्हणाले, "येऊ का?"

तहसीलदाराने इकडेतिकडे बघितलं. शेतात कोणी नव्हतं. "आबा, हे शेत कोणाचं?"

"माजंच."

"मग परवानगी कोणाची घेता?"

"परवानगी न्हाई, साहेब. पाय टाकायच्या आदी इचारावं मानसानं. आतमंदी कोन काय करत आसंल. साप आसंल, टिटवीची अंडी आसत्याल. भुई हाय. न इचारता घुसतंय ते रानडुक्कर."

उपळेकर काहीतरी बोलायला गेले. बहुधा भूमिपूजेला लॅटिनमध्ये काय म्हणतात ते. तहसीलदाराने हात वर करून त्यांना थांबवलं. मग त्याने स्वतः पुढे पाऊल टाकायला उचललं, बांधाशी ते तसंच धरलं आणि जरा लाजल्यासारखा म्हणाला, "येऊ का, आबा?"

"या की," आबा म्हणाले.

तिथेच आम्ही जिंकलो. माझी पृच्छा, ह्यांचा प्रेक्स, दोन्ही त्या बांधाच्या अलीकडे राहिले.

आठ दिवसांत हुकूम आला. वाट बंगल्याच्या आधीपासूनची आहे, पायऱ्यांवरून आणि शेजाऱ्यांच्या जबाबावरून ते दिसतं. या भागात ये-जा करताना विचारणं ही रीत आहे, त्याचा अर्थ परवानगी मागणं असा होत नाही. फाटक उघडं ठेवावं. आबांनी दोन दिवसांत शेण खाली नेलं आणि राब भाजला. उशीर झाला होता, पण निभावलं.

उपळेकर मला कचेरीच्या पायऱ्यांवर भेटले. चिडलेले नव्हतेच, उलट खुशीत होते. "मी प्रांताधिकाऱ्यांकडे जातोय," म्हणाले. "फाटकावर कॅमेरा बसवला आहे, आवाजासकट. त्याला रोज विचारू द्या. आज 'जाऊ का' म्हणतो, एक दिवस 'तुमची परवानगी आहे ना' म्हणेल. भाषा शेवटी घसरतेच, मॅडम. माझा तीस वर्षांचा अनुभव आहे."

एका म्हाताऱ्याची जीभ घसरायची वाट बघत बसणारा विद्वान! कावळासुद्धा पिंडाला शिवायला इतका टपलेला नसतो. पण आबांची जीभ घसरणार, ह्याबद्दल मला शंका नव्हती. मी त्याच दिवशी रिक्षा करून कुरवंड्याला गेले आणि आबांना अंगणात उभं केलं.

"आता एक शब्द नाही, आबा. फाटकातून मान खाली घालून जायचं. तुम्ही जे बोलाल ते तो लिहून ठेवणार. मागच्या वेळी बरं म्हणालात आणि विचारलंत. आता वाघजाईची शपथ घ्या."

आबांनी नंदाबाईंकडे बघितलं, मग डोंगराकडे. "शपत कशाला?"

"घ्या म्हणते ना! वाट पाहिजे की नको?"

त्यांनी शपथ घेतली. मग घोटाळले. "आनि भाभीला? तिला तरी इचारू न्हवं?"

रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता. "कुणालाच नाही," मी म्हटलं. "एकीकडे विचारलंत की दुसरीकडे तोंडातून निघतं. सवयच मोडा."

"बरं," आबा म्हणाले.

ह्या वेळी त्यांनी ऐकलं. कॅमेऱ्यात पाच महिन्यांत काय मिळालं, तर मान खाली घालून मुकाट जाणारा एक म्हातारा. ऑक्टोबरात उपळेकरांचं अपील फेटाळलं. मी पेढे वाटले. उपळेकरांनी म्हणे नंतरच्या शब्दसंध्येत ही सगळी हकिकत फार रंगवून सांगितली, रानडुकरासकट, आणि माझा उल्लेख 'बुद्धिमान प्रतिपक्ष' असा केला. हरूनसुद्धा त्यांचं काही गेलं नाही. त्यांना एक किस्सा मिळाला.

दिवाळीच्या आधी जैनबभाभी सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तहसीलला आली होती. मला बघून थांबली.

"वकीलबाई, आबांचं आमच्यावर काय बिनसलंय का? मुकाट जात्यात बांधावनं. मी हाक मारली तर नुस्तं बघत्यात. आमचं काय चुकलं?"

मी हसून तिला कॅमेरा, शपथ, सगळं सांगितलं. ती हसली नाही. "खटला साहेबासंगं हुता," ती म्हणाली. "आमच्यासंगं न्हवता."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आबा नव्या तांदळाची पिशवी घेऊन ऑफिसात आले. पिशवी टेबलावर ठेवली, वास सगळीकडे पसरला. मी चहा मागवला आणि म्हटलं, "आबा, आता केस संपली. विचारा खुशाल. जैनबभाभी वाईट वाटून घेतेय."

"शपत हाय न्हवं."

"ती केसपुरती होती. मी सोडवते तुम्हाला शपथेतून."

आबांनी बशीत चहा ओतला. बराच वेळ ते फुंकत राहिले. "आता न्हाई येत, वकीलबाई. तोंडापातूर येतंय, आनि वाटतं कुनीतरी लिवून घेतंया."

"शेतात तरी विचारता ना? तिथे कोण आहे लिहून घ्यायला?"

"शेतात बी मुकाट शिरतो," आबा म्हणाले. "डुकरावानी."

ते तक्रार करत नव्हते. पीक कसं आलं ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. एका माणसाच्या रीतीला लॅटिन नाव देऊन उपळेकरांनी तिची वही केली, म्हणून मी त्यांना वर्षभर हसले होते. ती रीत आबांच्या तोंडातून कायमची काढून घ्यायचं मात्र त्यांना जमलं नव्हतं. ते मी केलं, रिक्षाचा हॉर्न वाजत होता म्हणून.

आबांनी बशी खाली ठेवली, टोपी नीट केली आणि उठले. मी समोरची फाईल मिटून बाजूला सारली आणि त्यांच्याकडे तोंड करून बसले. त्यांच्या 'येऊ का'ला आजवर कधी धड उत्तर दिलं नव्हतं, आज 'या, आबा' म्हणायचं मी ठरवलं होतं. ते दारापर्यंत गेले, क्षणभर थांबले, आणि काही न विचारता जिना उतरून गेले.